सोलापूरच्या रंगवलेल्या भिंती : प्रदर्शन भरवायचं तर आत ठेवायचं काय?

भिंतवेडी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका जुन्या गोदामाची भिंत आहे. पंचवीसेक फूट लांब, चुन्याची. तिच्यावर विडीची जाहिरात होती. वर मराठी, मधे तेलुगू, खाली कन्नड. मला तेलुगू वाचता येत नाही, पण मराठीतली वेलांटी आणि तेलुगू अक्षरांच्या डोक्यावरचा तो तुरा एकाच झोकात मारलेला दिसायचा. शाळेत जाताना मी त्या अक्षरांवरून बोट फिरवत जायचे.

मागच्या महिन्यात एके सकाळी बघते तर भिंत पिस्ता रंगाची झालेली. वर एक झाड, एक पृथ्वी आणि एक घोषवाक्य. ज्या मुलांनी रंगवलं त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी मनापासून काम केलं होतं. जिवाला लागलं ते दुसरंच. तीस वर्षं त्या भिंतीसमोरून गेले आणि माझ्याकडे तिचा एकही फोटो नाही. शेजारीपाजारी विचारलं, कुणाकडेच नाही. लग्नाच्या एका फोटोत वरातीच्या मागे 'डी' एवढंच अक्षर सापडलं.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला गेले होते तेव्हा ससून डॉकमधलं भित्तिचित्रांचं आणि मांडणशिल्पांचं मोठं प्रदर्शन पाहिलं. स्टार्ट इंडिया फाउंडेशनने भरवलेलं. २०१७ मध्येही त्यांनी तिथेच असा प्रयोग केला होता. १८७५ सालचा धक्का, बाहेर कोळणी कोळंबी सोलत बसलेल्या, मासळीचा वास थेट आतपर्यंत, आणि त्याच गोदामांत चित्रं. वास घालवायचा प्रयत्न कुणी केला नव्हता हे मला फार आवडलं. येताना गाडीत रात्रभर एकच विचार, आपल्याकडे सूत आहे, यंत्रमाग आहेत, विडी आहे, चार लिप्या आहेत. आपल्या भिंतींचं प्रदर्शन का नाही?

वाचनालयाचा हॉल किंवा एखादं बंद पडलेलं कारखान्याचं शेड मिळेल, त्यासाठी मी फिरेन. पण भिंत उचलून आत आणता येत नाही. मग आत काय ठेवायचं? फक्त फोटो लावले तर लोक पाच मिनिटांत बाहेर पडतील. म्हणून हा धागा. ज्यांना काही सुचतंय त्यांनी लिहा, आणि कुणाकडे जुने फोटो असतील तर कृपया सांगा.

जेकार्ड

ताई, त्या गोदामासमोरच्या टपरीवर मी वर्षानुवर्षं चहा प्यायलोय. ती भिंत गेली हे तुमच्याकडूनच कळतंय.

मी चादरीचा डिझायनर. आता काम कमी झालं, पण सांगण्यासारखं एक आहे. चादरीवरचा मोर आधी ग्राफ पेपरवर उतरतो. एकेक बारीक चौकोन म्हणजे एकेक धागा वर की खाली. त्या ग्राफवरून कार्डाला भोकं पाडायची, ती कार्डं जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढवायची, मग मागावर मोर येतो. कारखान्याचं नावसुद्धा असंच विणलं जायचं, त्यामुळे अक्षरं कशी पायऱ्यापायऱ्यांची व्हायची ते जुनी चादर उलगडून बघा.

आमच्या कारखान्याची भिंत रंगवायला पेंटर आला होता, तेव्हा त्याने छोट्या कागदावर चौकटी आखल्या आणि तेवढ्याच चौकटी भिंतीवर. मला हसू आलं, कारण आत मी तेच करत बसलो होतो. प्रदर्शनात चादरीचा ग्राफ आणि भिंतीचा चौकटीचा कागद शेजारी शेजारी लावा. सोलापूर सोडून हे दुसरीकडे कुठे दाखवता येईल? माझ्याकडे चाळीसेक ग्राफ आहेत, कडा उंदरांनी खाल्ल्यात, पण आहेत. देईन.

सध्या_पुण्यात

कल्पना उत्तम, पण थोडं मोठं बघूया. दिल्लीत २०१४ मध्ये स्टार्टच्याच पुढाकाराने पोलीस मुख्यालयाच्या इमारतीवर गांधीजींचं दीडशे फुटांच्या आसपासचं चित्र झालं. हेंड्रिक बायकिर्ख हा जर्मन चित्रकार आणि आपल्या देशातल्या चित्रकार अनपू वर्की, दोघांनी मिळून. पुढच्या वर्षापासून लोधी कॉलनीत, सरकारी क्वार्टर्सच्या भिंतींवर एकेक चित्र होत गेलं आणि आता लोक ती वसाहत बघायला मुद्दाम जातात. आपल्याकडे एवढ्या गिरण्यांच्या कोऱ्या भिंती पडल्यात. बाहेरचे नामवंत चित्रकार बोलावले तर सोलापूरचं नाव होईल. जुन्या विडीच्या जाहिराती जपून तरुण पोरं थोडीच येणार?

पेंटरचा_पोरगा

दोन दिवस झाले हे वाचालोय, लिहू का नको लिहू करालो होतो. माझे बाबा बोर्ड पेंटर. दुकानाच्या पाट्या, शटर, ट्रकच्या मागची अक्षरं, भिंतीच्या जाहिराती, गणपती मंडळाचे पडदे, सगळं. फ्लेक्स आलं आणि तीन वर्षांत हातातलं काम गेलं. एका रात्रीत बोर्ड छापून मिळतो, त्यापुढं काय बोलणार ओ. बाबांनी नंतर वॉचमनकी केली.

घरात पत्र्याची पेटी आहे. काल ती उघडली. त्यात काय निघालं ते सांगतो, ताईंचा प्रश्न तोच आहे म्हणून.

खारीच्या केसांचे ब्रश आहेत, फडक्यात गुंडाळून तेल लावून ठेवलेले, अजून मऊ. हात टेकवायची काठी आहे, टोकाला कापसाची गुंडी. ओल्या रंगावर हात लागू नये म्हणून ती भिंतीला टेकवायची आणि तिच्यावर मनगट ठेवून अक्षर काढायचं. मग खाके. तपकिरी कागदावर चित्र काढून रेषेवर सुईनं भोकं पाडलेली. कागद भिंतीला धरायचा, गेरूची पुरचुंडी करून वर थोपटायची, कागद काढला की ठिपक्याठिपक्यात चित्र उभं. एकच खाका दहा दहा भिंतींना चालायचा, म्हणून मागची बाजू पूर्ण लाल झालीय. सिद्धेश्वराच्या देवळाचा एक खाका आहे, तळ्यासकट.

सरळ ओळ कशी मारायची माहितीय? सुतळीला निळ फासायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची आणि मधे टिचकी. भिंतीवर निळी रेघ उमटते. मी पाचवीपासून बाबांचं दुसरं टोक धरायला जायचो. शिरोरेखा त्या रेघेवर. बाबा म्हणायचे, आधी रेघ, मग अक्षर लटकवायचं.

चुन्याच्या भिंतीवर रंग लगेच शोषला जातो, म्हणून एका झटक्यात मारावं लागतं, घोटत बसलं की डाग. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस झाला की पहाटे पाचला काम सुरू, दहाला बंद. दुपारी भिंतीला हात लावता येत नाही.

मी ह्यातलं काही शिकलो नाही. मोबाईल दुरुस्ती करतो. हे लिहिताना वाईट वाटालंय.

भिंतवेडी

मला तुमचा प्रतिसाद वाचून रडू आलं, खरंच. प्रदर्शनात काय ठेवायचं याचं निम्मं उत्तर त्या पत्र्याच्या पेटीत आहे. बाबांना विचाराल का? आणि ही विडीची भिंत त्यांची तर नव्हती?

दृश्यकला

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलांना अक्षरलेखन घोटून घ्यायचो, पण मुलं खरी अक्षरं शिकायची ती बाजारातून, चाटी गल्लीच्या पाट्यांवरून.

'सध्या_पुण्यात' यांनी स्टार्टच्या मोठ्या चित्रांची आठवण दिली, त्याला जोडून सांगतो. त्याच संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, हनीफ कुरेशी, यांनी 'हँडपेंटेड टाइप' नावाचं काम उभं केलं होतं. गावोगावच्या बोर्ड पेंटरांकडून त्यांची अक्षरमाला काढून घ्यायची, ती संगणकाच्या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, बदलायची आणि त्या टंकाला त्या पेंटरचंच नाव द्यायचं. २०२४ मध्ये ते फार लवकर गेले. म्हणजे ज्यांनी देशात मोठ्या भिंती रंगवून घेतल्या, त्यांनाही पाटीवाल्या पेंटरच्या हाताचं मोल ठाऊक होतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. आपल्याच जिल्ह्यातला, १९१५ साली पंढरपुरात जन्मलेला मुलगा मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत होता आणि पुढे तो मकबूल फिदा हुसेन झाला. परांचीवर चढून दहा फुटांचा चेहरा रंगवलेल्या माणसाची रेघ वेगळी असते, त्यांच्या घोड्यांत ती दिसते असं मला नेहमी वाटत आलंय.

आता भिंत आत आणण्याबद्दल. न्यूयॉर्कमध्ये कीथ हॅरिंग हा चित्रकार भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवर, जाहिरातीच्या रिकाम्या चौकटींवर चिकटवलेल्या काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने चित्रं काढायचा. १९८२ मध्ये टोनी शाफ्राझीच्या दालनात त्याचं मोठं प्रदर्शन झालं. नाव झालं, पैसा आला, तरी त्यानंतरही काही वर्षं तो स्टेशनवर खडू घेऊन जातच होता. उलट उदाहरण इटलीतलं. बोलोन्यामध्ये २०१६ साली एका प्रदर्शनासाठी रस्त्यावरची चित्रं भिंतीवरून उतरवून आत लावली. ब्लू नावाच्या चित्रकाराला ते इतकं लागलं की त्याने सोबत्यांना घेऊन त्या शहरातली आपली वीस वर्षांतली चित्रं स्वतःच करड्या रंगाने पुसून टाकली. मी त्याच्या बाजूचा आहे. भिंतीचा तुकडा कापून हॉलमध्ये आणू नये. तिच्यासमोरचा चहाचा गाडा, तिच्यावर पडणारी चारची उन्हं आणि सायकल टेकवून उभा माणूस आपल्याला आणता येत नाही, आणि ते गेलं की उरतो तो नुसता गिलावा.

खाके आणा, ब्रश आणा, माणूस आणा. भिंत बाहेरच राहू दे आणि हॉलच्या दारात नकाशा द्या की अमुक ठिकाणी जाऊन बघा.

आणि पुस्तक करा. याचा आग्रह धरतो. मार्था कूपर आणि हेन्री चॅलफंट यांनी न्यूयॉर्कच्या रंगवलेल्या रेल्वेगाड्यांचे फोटो वर्षानुवर्षं काढले आणि १९८४ मध्ये 'सबवे आर्ट' काढलं. १९८९ च्या मे महिन्यात तिथल्या रेल्वेने शेवटची रंगवलेली गाडीही रुळांवरून काढली. आज ती चित्रं बघायची तर त्या पुस्तकातच. कूपरबाई पहाटे उठून उंच रुळांच्या कडेला तासन् तास उभ्या राहायच्या, गाडी ऊन पडलेल्या बाजूने जावी म्हणून. आपली भिंत कुठे पळत नाही, तरी आपण एक फोटो काढला नाही.

सध्या_पुण्यात

सर, मान्य. मी घाईत लिहिलं. पण माझा तरुण पोरांचा मुद्दा सोडत नाही. प्रदर्शन फक्त हळहळीचं झालं तर सोळा वर्षांची मुलगी येऊन काय घेऊन जाईल? तिला हातात ब्रश मिळाला पाहिजे. ज्या अनपू वर्कींचं नाव मी घेतलं त्यांनी भिंतींबरोबर पुस्तकंही केलीत. 'समर्स चिल्ड्रन' हे २०१९ चं चित्रपुस्तक आहे, केरळातल्या रबराच्या मळ्यातल्या दोन मुलांच्या उन्हाळ्याचं, त्यात एकही शब्द नाही. तसं काहीतरी आपल्या पोरांनी करावं असं मला वाटतं. गिरणगावातली एक दुपार, शब्दांशिवाय.

पूर्वभागातली

अक्का, एक दुरुस्ती सुचवते, राग मानू नका. तिन्ही लिप्या एकाच माणसाच्या असतील असं धरून चालू नका. आमच्या भागात तेलुगू अक्षरांसाठी वेगळा माणूस बोलवायचे. माझे मामा मागावर होते, अक्षर सुंदर, म्हणून दुकानदार त्यांना खडू देऊन भिंतीवर तेलुगू मजकूर लिहून घ्यायचे आणि पेंटर त्यावर रंग भरायचा. मामांचं नाव कुठेच नाही. पुस्तक करणार असाल तर असे हात शोधा.

दुसरं, एवढं सगळं लिहिलंत पण बायका कुठेत? आमच्या दारात रोज पहाटे मुग्गू, म्हणजे आमची तेलुगू रांगोळी, पडते. ठिपके मोजून घालायचे आणि एकच रेघ न तोडता फिरवायची. दुपारपर्यंत पायांनी पुसते, उद्या नवी. संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, वेळी सात नंदीध्वज निघतात, त्या वाटेवर रांगोळीच्या पायघड्या घालतात. रात्र रात्र बसून काढलेलं आणि मिरवणूक त्यावरूनच जाते, जायलाच पाहिजे. रस्त्यावरची कला म्हणून मुंबई-दिल्लीला जायच्या आधी हे घ्या. विडी वळणाऱ्या बायकांची बोटं किती नेमकी चालतात ते मुग्गूत दिसतं, माझी आई दोन्ही करायची.

पेंटरचा_पोरगा

पूर्वभागातल्या ताईंचं बरोबर आहे. बाबांना काल विचारलं. ती विडीची भिंत बाबांचीच. मी लहान होतो, दोरी मीच धरली असेल. बाबांना तेलुगू येत नाही. कन्नड वाचता येतं, लिहिता येत नाही. तेलुगू अक्षरं कुणीतरी खडूनं काढून दिली होती, बाबा म्हणाले, "उंच माणूस होता, मागावरचा, कापसाचे तंतू केसात असायचे." त्यापुढं आठवत नाही. नंतर म्हणाले, त्याचं अक्षर बघूनच मी मराठीची वेलांटी तशी गोल केली, शोभावी म्हणून.

भिंत पुसली हे त्यांना माहीत होतं. आम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं.

पूर्वभागातली

माझे मामा उंच होते. ते आता नाहीत. बाकी उंच माणसं पुष्कळ होती मागावर, त्यामुळे मी काही म्हणत नाही. पण बाबांना भेटायला आवडेल. मामांचा फोटो घेऊन येईन.

काळा_कोट

वकिली करते, म्हणून तेवढंच सांगते.

भिंतीवर मालकाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही रंगवू नका. महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. सार्वजनिक भिंत असेल तर महापालिकेची परवानगी घ्या. चित्र चांगलं आहे एवढं कारण पुरत नाही.

पुस्तकाबाबत जास्त जपून. कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन रंगवून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, रंगवून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे जाहिरातीची भिंत छापायची तर त्या दुकानदाराला किंवा कारखानदाराला विचारा. पण चित्र माझं आहे हे सांगण्याचा हक्क, कलम ५७ खाली, चित्रकाराकडेच राहतो. हक्क विकला तरी राहतो. म्हणून प्रत्येक फोटोखाली पेंटरचं नाव हवंच, आणि ज्याने खडूने अक्षरं काढून दिली त्याचंही.

हे कलम कागदावरच राहिलेलं नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं प्रचंड ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये त्यांना न विचारता उतरवलं गेलं, मोडलं. ते सरकारविरुद्ध लढले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. न्यूयॉर्कमध्ये फाइव्ह पॉइंट्झ नावाच्या कारखान्याच्या भिंतींवरची चित्रं मालकाने २०१३ मध्ये एका रात्रीत पांढरी केली होती. २०१८ मध्ये २१ चित्रकारांना मिळून ६७ लाख डॉलरच्या वर भरपाई मिळाली. सोलापूरच्या विडीच्या भिंतीला असा निकाल मिळेल असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी कुणी भिंत रंगवायला निघालं तर आधी पेंटर शोधा, एवढं तरी आपण महापालिकेकडे लेखी मागू शकतो. अर्जाचा मसुदा मी करून देते.

चुना_गेरू

बांधकामात आहे. दोन कामाच्या गोष्टी. जुन्या चुन्याच्या भिंतीवर आजचा प्लास्टिक इमल्शन मारू नका, आतली ओल बाहेर पडत नाही आणि दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात, खालची जुनी अक्षरंही सोबत जातात. तुमच्या पिस्ता रंगाचं तेच होईल. पोपडे सुटायला लागले तर कुणी खरवडू नका, मला बोलवा. खाली अक्षरं अजून असतील. ऑइल पेंटची असतील तर नक्कीच.

दुसरं, पेंटरला बोलावून प्रात्यक्षिक करून घेणार तर मानधन आधी ठरवा. शाल-नारळ देऊन पाठवू नका. माझ्या साइटवर पाटी रंगवणाऱ्याला मी दिवसाची हजेरी देतो, इथे त्याहून जास्त द्यायला हवी. हॉलसाठी चार जुनी पत्र्याची शटरं माझ्या गोदामात आहेत, रंगवायला घेऊन जा. परांची पण देतो.

जेकार्ड

शटरची कल्पना झकास. सोळा वर्षांच्या मुलीला एक शटर, पेंटरबाबा शेजारी. सध्या_पुण्यात, तुमचं उत्तर मिळालं बघा.

सध्या_पुण्यात

मिळालं. हुतात्मा एक्स्प्रेसने येतो, कॅमेरा घेऊन. छपाईचा खर्च काय येतो ते इथल्या दोन छापखान्यांत विचारून ठेवतो.

भिंतवेडी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. एवढं ठरवूया. प्रदर्शनाच्या आधी फोटो. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला कन्ना चौकात जमायचं, तिथून अशोक चौकापर्यंत चालत. मोठ्या रस्त्याने न जाता गल्ल्यांतून. प्रत्येक भिंतीचा एक फोटो समोरून, एक आजूबाजूच्या दुकानांसकट, आणि वहीत तीन गोष्टी: कुणाची भिंत, कुणी रंगवली, कुणाला आठवतं. सरांनी वही धरावी, त्यांचं अक्षर चांगलं आहे. पूर्वभागातल्या ताई तेलुगू वाचतील. कन्नड वाचणारं कुणी हवं, आणि उर्दू पाट्यांसाठीही कुणीतरी. विजापूर वेशीची बाजू पुढच्या रविवारी घेऊ.

माझ्या त्या भिंतीसाठी मी वरातीच्या फोटोतलं 'डी' मोठं करून घेतलंय.

पेंटरचा_पोरगा

बाबा येतो म्हणालेत. गुडघे दुखतात, म्हणून रिक्षानं आणतो, मधे बसायला एक स्टूल लागेल. 'डी'चा फोटो त्यांना दाखवला. म्हणाले, ही दुसऱ्यांदा रंगवलेली, पहिल्या वेळी अक्षरांची शेड काळी होती, मालकानं लाल मागितली.

ब्रशला रात्री तेल लावून बसलेत. मला म्हणाले, सुतळी नवीन आण, जुनी कुजलीय, आणि दुसरं टोक तूच धर.